एका रुग्णालयाला न सुटणारे कोडे

पावसाळा लागला, शाळा भरल्या की नौपाड्यातल्या बालरोगतज्ज्ञांकडे सर्दी-खोकल्याच्या मुलांची रांग लागते. त्या रांगेत एखादी आई वेगळ्याच काळजीने बसलेली असते. तिच्या हातात वही असते आणि वहीत रोज सकाळच्या लघवीत प्रोटीन किती होते, याची नोंद. मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, एक दिवसाआड प्रेडनिसोलोनची गोळी चालू आहे आणि कालपासून नाक वाहते आहे. सर्दीनंतर आठवडाभरात पापण्या सुजतात, हे तिने दोनदा पाहिलेले आहे. तिला एवढेच विचारायचे असते, की आता काही दिवस गोळी रोज द्यायची का?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने एकदा दिले आणि दहा वर्षांनी पुन्हा खोडले.

या आजारात मूत्रपिंडाची गाळणी सैल होते, रक्तातले प्रोटीन लघवीवाटे निघून जाते आणि अंगावर सूज चढते. पापण्यांची सूज पाहून सुरुवातीला अनेकदा अ‍ॅलर्जीचेच औषध दिले जाते. निदान झाल्यावर बहुतेक मुलांची सूज स्टेरॉइडने उतरते, पण निम्म्याहून अधिक मुलांत आजार पुन्हा उलटतो. पुन्हा गोळ्या, पुन्हा गोल झालेला चेहरा, खुंटणारी उंची, जंतुसंसर्गाची भीती. म्हणूनच स्टेरॉइडचा एकेक जादा आठवडा मोलाचा असतो.

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये वारंवार आजार उलटणाऱ्या १०० मुलांवर अभ्यास झाला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्गाच्या काळात सात दिवस गोळी रोज दिली तर आजार कमी वेळा उलटतो, असे त्यात दिसले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी हा सल्ला स्वीकारला. मग ब्रिटनमध्ये १२२ रुग्णालयांनी मिळून ३६५ मुलांवर हाच प्रश्न तपासला. निम्म्या मुलांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. २०२२ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा, की सर्दीनंतर आजार उलटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते.

मग दिल्लीचा अभ्यास चुकला का? इतके सोपे नाही. दिल्लीची मुले वारंवार आजारी पडणारी आणि एक दिवसाआड गोळी घेणारी होती. ब्रिटनच्या अभ्यासात गोळ्या पूर्ण थांबलेली मुलेही होती. नौपाड्यातल्या त्या मुलासाठी नेमके उत्तर यातल्या एकाही अभ्यासाकडे नाही. ते इथल्याच मुलांमधून, बऱ्याच ठिकाणच्या आणि बऱ्याच मुलांमधून मिळवावे लागेल.

असे उत्तर मिळते, हे याच आजाराने दाखवले आहे. पहिल्या वेळी स्टेरॉइड किती दिवस द्यायचे? साठच्या दशकात अनेक देशांच्या डॉक्टरांनी एकत्र येऊन आठ आठवड्यांची पद्धत रूढ केली. पुढे लहान लहान अभ्यासांतून ‘जास्त दिवस दिले तर बरे’ असे वाटू लागले आणि काही ठिकाणी मुले सहा-सहा महिने गोळ्या घेऊ लागली. २०१३ ते २०१९ या काळात नेदरलँड्स, जपान, भारत आणि ब्रिटन यांनी स्वतंत्र बहुकेंद्री अभ्यास केले. भारतातल्या अभ्यासात १८१ मुले होती. लांबवलेल्या गोळ्यांनी आजार उलटण्यापासून मुले वाचत नाहीत, असेच चारही ठिकाणी निघाले. भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञ संघटनेची २०२१ ची सूचना बारा आठवड्यांवर थांबते.

यातला ब्रिटनचा आकडा थांबून पाहण्यासारखा आहे. २३७ मुले, १२५ रुग्णालये, म्हणजे एका रुग्णालयामागे दोन मुलेसुद्धा नाहीत. साधी जिल्हा रुग्णालयेही त्यात होती.

ठाण्यात काय चित्र आहे? २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांची लोकसंख्या सुमारे ३१ लाख. त्यात पाव हिस्सा मुले धरली आणि लाखामागे वर्षाला दोन ते सहा नवे रुग्ण धरले (दक्षिण आशियाई मुलांत प्रमाण युरोपियन मुलांपेक्षा जास्त आढळते), तर ढोबळमानाने वर्षाला १५ ते ४५ नवी मुले. पण ती विखुरलेली आहेत. कुणी गोखले रोडवरच्या दवाखान्यात, कुणी कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, कुणी डोंबिवलीच्या नर्सिंग होममध्ये. त्यातले थोडे लोकलने परळच्या वाडिया रुग्णालयापर्यंत जातात. तिथे पोचेपर्यंत गोळी सुरू झालेली असते, त्यामुळे ‘पहिल्या वेळच्या’ अभ्यासात ते मूल बसत नाही. शिवाय मोठ्या रुग्णालयात जातात ती मुख्यतः हट्टी आजाराची मुले. साध्या आजाराची मुले संशोधकांना दिसतच नाहीत. मोठ्या रुग्णालयाच्या अनुभवावर आपला जरा जास्तच विश्वास असतो.

अडचणी खऱ्या आहेत. प्रेडनिसोलोन स्वस्त आणि जुने औषध, त्यासाठी कोणतीही कंपनी पैसे घालणार नाही. ब्रिटनमध्ये हे पैसे सरकारने दिले. आपल्याकडे प्रत्येक रुग्णालयाची नैतिकता समिती वेगळी असते आणि दवाखान्याला तर ती नसतेच. कमी जोखमीच्या बहुकेंद्री अभ्यासासाठी एकच सामाईक समिती चालेल, असे ‘आयसीएमआर’ने २०१७ मध्ये सांगितले आहे, पण ती वाट वापरावी लागते. पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरच्या मुलाचाही होकार घ्यायचा असतो, त्याला वेळ लागतो. शिकाऊ डॉक्टर तीन वर्षांनी बदलतात. मे महिन्यात कुटुंब गावी जाते आणि नोंदीत भोक पडते.

औषधाची चाचणी एकदम सुरू करण्याची गरज नाही. आधी सगळीकडे एकच पान भरले जावे : वजन, उंची, गोळीचा डोस, आजार उलटल्याची तारीख, त्याआधी संसर्ग होता का. यातले निम्मे त्या आईच्या वहीत आधीच आहे. सलग तीन दिवस पट्टीवर तीन अधिक चिन्हे आली की आजार उलटला, ही व्याख्या जगभर चालते. त्यामुळे नौपाड्याची वही बर्मिंगहॅमच्या नोंदीशेजारी ठेवता येते.

तोवर त्या आईला डॉक्टर सांगतात : सर्दीत लघवी रोज तपासा, गोळी मनाने वाढवू नका, एकदम बंदही करू नका आणि तीन अधिक दिसली की तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन करा.