सोडवण्याआधी नकाशा हलका करा

मोहल्ल्यात पाण्याची नवी लाइन टाकायची असली की चंदा गोळा होतो आणि प्लंबर येतो. टाकीपासून मशिदीच्या वुजूखान्यापर्यंत एक पाइप, मदरशापर्यंत दुसरा, कोणा गरजूच्या घरापर्यंत तिसरा, प्रत्येक पाइप जवळच्या वाटेने. दिसायला काम चोख. पण या जवळच्या वाटांची बेरीज म्हणजे सगळ्यांना मिळून जोडणारी सर्वांत लहान लाइन, असे नसते. चंद्याचा पैसा अमानत आहे, म्हणून या महिन्यात हा हिशेब मांडत आहोत.

कागद-पेन्सिल घ्या. चार ठिकाणे जोडायचीच आहेत: टाकी, मशीद, मदरसा आणि एका बेवा खालांचे घर. मध्ये पाच जागा अशा की त्यांतून पाइप गेला तरी चालेल, न गेला तरी चालेल: चौक, लिंबाचे झाड, किराणा दुकान, पिठाची गिरणी, पडकी विहीर. अंतरे मीटरमध्ये: खालांचे घर ते लिंब 15, लिंब ते चौक 40, लिंब ते मशीद 70, चौक ते मशीद 25, चौक ते टाकी 30, चौक ते विहीर 20, चौक ते मदरसा 45, मशीद ते दुकान 20, दुकान ते मदरसा 35, टाकी ते गिरणी 30, गिरणी ते मदरसा 35.

प्लंबरच्या पद्धतीने मशिदीला 55, मदरशाला 65 आणि खालांच्या घराला 85 मीटर पाइप लागतो. एकूण 205.

मधल्या पाच जागांपैकी कोणत्या घ्यायच्या, याचे 32 पर्याय होतात. तेवढे तपासता येतील. पण मधल्या जागा 20 झाल्या तर पर्याय 10,48,576 होतात, आणि 40 झाल्या तर एक लाख कोटींच्या वर. या कोड्याला स्विस गणिती याकोब श्टायनर यांचे नाव आहे. 1972 मध्ये रिचर्ड कार्प यांनी अत्यंत कठीण अशा 21 प्रश्नांची प्रसिद्ध यादी दिली, तिच्यातही ते आहे. प्रत्येक वेळी झटपट उत्तर देईल अशी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

मग करतात काय? आधी नकाशा हलका करतात. 1989 मध्ये दुइन आणि व्होल्गेनांट या दोन डच अभ्यासकांनी अशा छाटणीच्या कसोट्या मांडल्या. बर्लिनच्या त्सुझे संस्थेत तयार झालेल्या स्किप-जॅक या प्रोग्रामची निम्मी ताकद छाटणीतच आहे, असे आम्ही तरी म्हणू.

आपल्या लोकांना ही चाल नवी वाटू नये. बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात अल-ख्वारिज्मींनी समीकरणे अशीच हाताळली. वजा असलेले पद दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढणे म्हणजे जब्र, आणि दोन्ही बाजूंचे सारखे पद उडवणे म्हणजे मुकाबला. एवढे केले की उरतात फक्त सहा नमुने. सोडवणे त्यानंतर. त्याच किताबात वसीयत आणि मीरास यांच्या वाटणीचा मोठा भाग आहे, हे आमच्या घरांतल्या मुलांना सांगायला हवे.

आता नकाशाकडे. विहिरीकडे जाणारी वाट पुढे कुठेच जात नाही, आणि तिथे पाणी कोणाला नको. पुसून टाका. दुकानाला दोनच वाटा आहेत. ते पुसून मशीद ते मदरसा 55 अशी एकच रेघ ओढा. गिरणीचेही तसेच, टाकी ते मदरसा 65. लिंब ते मशीद ही थेट वाट 70 मीटरची, चौकातून गेले तर 65. म्हणजे थेट वाट कधीच लागणार नाही. तीही पुसा.

खालांचे घरही बोळाच्या टोकाला आहे आणि विहीरही. कागदावर दोन्ही सारखी दिसतात. पण घर पुसता येत नाही, कारण ते जोडायच्या यादीत आहे. उलट त्याची एकुलती वाट पक्की होते: 15 मीटर घेतलेच पाहिजेत. आता लिंबापर्यंत जाणे भाग, आणि लिंबाला बाहेर जायची एकच वाट उरली आहे, चौकाची. 40 मीटर पक्के. मग चौकही पक्का. एका छाटणीतून दुसरी निघते ती अशी. राहिले चौक, टाकी, मशीद, मदरसा. यांना जोडायला 25, 30 आणि 45 पुरतात. एकूण 155. पन्नास मीटर वाचले आणि 32 पर्यायांतला एकही तपासावा लागला नाही. (पाण्याचा दाब आणि पाइपची जाडी हा वेगळा हिशेब. तो जाणकाराकडूनच करून घ्यावा.)

यादी कोणी केली, यावर सगळे अवलंबून असते. आपले मोहोळच घ्या. रेल्वेने फक्त सोलापूर, पंढरपूर आणि लातूर कसे जोडले जातात एवढे विचारले, तर बाळे, पाकणी, मुंढेवाडी, मोहोळ, मलिकपेठ, अनगर, माढा ही स्टेशने नकाशावरून जातात. किलोमीटरची बेरीज तेवढी राहते. कुर्डुवाडी मात्र टिकते, कारण तिथे चार दिशांचे रूळ मिळतात. रस्त्यांच्या नकाशात मोहोळ असे पुसता येत नाही. पुणे, सोलापूर, पंढरपूर, वैराग, कुरूल, सगळीकडचे फाटे इथे आहेत. आणि मोहोळच्या प्रवाशाचे नाव यादीत असेल, तर रेल्वेच्या नकाशातही ते पुसायची कोणाची बिशाद नाही. संगणक छाटणी बिनचूक करतो, पण यादी त्याला माणसांकडूनच मिळते. ती बैठकीत ठरते, आणि खालांसारखी माणसे बहुधा त्या बैठकीत नसतात.

मुलांसाठी एक काम. समजा गिरणीवाल्यांनीही नळ मागितला. आता गिरणी पुसता येणार नाही. टाकी ते गिरणी 30, गिरणी ते मदरसा 35, आणि चौक ते मदरसा ही 45 ची वाटच गळते. एकूण 175 येते का, ते पडताळून पाहा. म्हणजे अवघ्या वीस मीटरमध्ये आणखी एक घर जोडले जाते.