आधी नवी खाट, मग जुन्या भिंतीला हात



सरकारी दवाखान्याची इमारत जुनी झाली की सरकारला दोनच गोष्टी सुचतात. एक तर ती पडेपर्यंत किंवा पेटेपर्यंत तशीच वापरायची. नाही तर एके दिवशी दाराला कुलूप लावायचे, पेशंट शेजारच्या जिल्ह्याला पाठवायचे आणि नव्या इमारतीचा नारळ कधी फुटतो याची वाट पाहायची. दोन्हींत मरण कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि मजुराचे. ज्याच्या खिशात पैसा आहे तो पहिल्याच दिवशी खाजगीत जातो.

तिसरा रस्ता आहे. दवाखाना चालू ठेवूनच तो नवा करायचा. हे काम अवघड आहे, पण अशक्य नाही. ते न केल्याने काय होते याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे.

हैदराबादचा उस्मानिया दवाखाना आपल्याला परका नाही. 1908 साली मुसी नदीच्या महापुरात तिथला आधीचा दवाखाना गेला. त्याच्या जागी निजाम मीर उस्मान अली खानाच्या राजवटीत, 1925 च्या सुमारास, घुमटांची ही मोठी इमारत उभी राहिली. तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. आपल्या आज्या-पणज्यांनी भरलेला सारा त्याच तिजोरीत जात होता. आजही नांदेड-परभणीकडचा माणूस मोठे दुखणे निघाले की हैदराबादची गाडी धरतो.

ही इमारत नव्वद वर्षांची झाली, छताचे पोपडे पडू लागले. 2015 साली तिथल्या सरकारने जाहीर केले, ती पाडू आणि टोलेजंग नवी बांधू. वारसा जपणाऱ्यांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेले. पाडायची की जपायची, यावर पाच वर्षे वाद झडला. पेशंटची नवी खाट कुठे घालायची, हा प्रश्न तसाच राहिला. जुलै 2020 मध्ये, ऐन कोरोनात, पावसाचे आणि गटाराचे पाणी वॉर्डात शिरले. त्याच महिन्यात जुनी इमारत रिकामी करून बंद केली आणि तिथले पेशंट आवारातल्या बाकीच्या इमारतींत कोंबले. नव्या दवाखान्याची पायाभरणी झाली 31 जानेवारी 2025 रोजी, गोशामहलच्या मैदानावर, 2000 खाटांसाठी.

हिशेब करा. कुलूप लागल्यापासून कुदळ पडेपर्यंत साडेचार वर्षे. पहिल्या घोषणेपासून मोजाल तर जवळजवळ दहा. आणि शेवटी ठरले काय? दुसरीकडे मोकळी जागा शोधून आधी नवे बांधायचे. हाच शहाणपणा 2015 साली सुचला असता, तर 2020 च्या पावसाआधी निदान काही वॉर्ड तरी कोरड्या छताखाली गेले असते. घुमट जपायचे तर खुशाल जपा. आमचे भांडण घुमटाशी नाही, खाटेसाठी आहे.

म्हणून कोणी म्हणेल, आहे तेच चालू द्या, हात लावू नका. तेही चालणार नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांचा कक्ष पेटला. 17 बाळांपैकी 7 वाचली, 10 गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून 11 पेशंट गेले, आणि तो विभाग तर नव्याने केलेला होता. नुसती नवी भिंत आणि नवा रंग पुरत नाही. आतली वायर, प्राणवायूची नळी आणि बाहेर पडायची वाट तपासल्याशिवाय एकही पेशंट आत नेता कामा नये.

आता काम कसे करायचे ते पाहू. आपले माळवद गळायला लागले तर आपण काय करतो? सगळे घर एकदम पाडून पोराबाळांना रस्त्यावर बसवत नाही. ओसरीत चूल हलवतो, एका खणाचे काम उरकतो, तिकडे संसार नेतो, मग दुसऱ्या खणाला हात घालतो. आणि हे सारे मिरगाच्या आत करतो. दवाखान्याचे काम याहून मोठे, पण रीत हीच. आवारातल्या मोकळ्या जागेवर आधी एक नवी इमारत. अपघात विभाग, बाळंतपण, शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता हे चार विभाग पहिल्यांदा तिच्यात. वीज, पाणी आणि प्राणवायूची नवी लाईन चालू झाल्यावरच जुनी तोडायची. पेशंट हलले की रिकामा झालेला भाग पाडायचा, तिथे दुसरी इमारत. पाडकामाची धूळ ही साधी धूळ नसते. तिच्यातून बुरशीचे कण उडतात आणि अशक्त पेशंटच्या फुफ्फुसात जातात. खळ्यावर ज्वारी उफणताना आपण वारा बघून उभे राहतो. कंत्राटदाराला पडदे लावायला आणि पाणी मारायला सांगणे हे त्याहून अवघड नाही.

आम्ही शेतीशास्त्र शिकलो, म्हणून एक गोष्ट हट्टाने सांगतो. पिकाला हंगाम असतो तसा कोरडवाहू भागातल्या दुखण्यालाही असतो. पेरणी सुरू झाली की साप चावल्याचे पेशंट वाढतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालते. 2017 च्या त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. अशा पेशंटला अॅट्रोपिन लागते, श्वासाचे यंत्र लागते, कधी कधी दिवसेंदिवस लागते. तासाभराचा उशीरही जिवावर बेततो. ज्या साहेबांना कपाशीचा हंगाम माहीत नाही ते ऐन भाद्रपदात अतिदक्षता विभाग बंद करायचा कागद काढतील. बांधकाम बारा महिने चालू द्या. पण वॉर्ड हलवणे आणि पाडणे डिसेंबर ते मे याच काळात.

यावर एकच उत्तर ठरलेले आहे, खर्च वाढेल आणि वेळ लागेल. आम्हाला मान्य आहे, दोन्ही वाढेल. पण दवाखाना बंद ठेवल्याचा खर्च कोण भरतो? रात्री जीपचे भाडे, सोबतच्या दोन माणसांची बुडालेली मजुरी, खाजगी दवाखान्याची अनामत आणि त्यासाठी सावकाराकडे ठेवलेले मणी-मंगळसूत्र. बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात याला रकाना नाही, म्हणून त्यांना बंद करणे स्वस्त वाटते. तो खर्च कमी झालेला नसतो, फक्त सरकारच्या वहीतून आपल्या वहीत आलेला असतो.

जिल्हा बैठकीत हे ठराव मांडायचे आहेत:

1. नवी खाट चालू झाल्याशिवाय जुनी खाट बंद होणार नाही.
2. कोणता वॉर्ड कधी आणि कुठे हलणार, हे मराठीत लिहून दवाखान्याच्या दारावर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावे.
3. जून ते नोव्हेंबर अपघात, विषबाधा आणि सर्पदंशाच्या एकाही खाटेला हात लावू नये.
4. कंत्राटदाराचा हप्ता नुसत्या भिंतींवर नाही, चालू झालेल्या खाटांवर द्यावा.
5. इमारतीच्या मंजुरीसोबतच डॉक्टर आणि परिचारिकांची पदे भरावीत. माणसाविना दवाखाना म्हणजे रिकामे गोदाम.

उद्घाटनाच्या मांडवात टाळ्या वाजवायला आपल्याला बोलावतीलच. त्याआधी, नकाशा टेबलावर असतानाच, तिथे जाऊन बसायचे आहे. प्रत्येक गावाने दोन माणसे पाठवावीत, त्यांतली एक बाई असावी. बाळंतपणाचा वॉर्ड कुठे हवा, हे तिच्याइतके कोणत्याच इंजिनियरला कळत नाही.