हाक ऐकू गेली पाहिजे!

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीतील एखाद्या कड्यावर वा घळीत कोणी अडकल्याचे वृत्त येते आणि शहरांतून ठरलेला उद्गार निघतो : "मुळात जावे कशाला?" हा उद्गार आम्हांस मान्य नाही. डोंगराची ओढ हा तरुणांचा दोष नव्हे. दोष आहे तो संकटात हाक कशी द्यावी याविषयीच्या आपल्या सार्वत्रिक अज्ञानाचा.

अडकलेला माणूस जिवंत असणे निराळे आणि तो शोधणाऱ्यास दिसणे निराळे. १३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेचे एक विमान ४५ जणांसह अँडीज पर्वतात कोसळले. शोधक विमाने डोक्यावरून गेली. परंतु पांढऱ्या बर्फातले पांढरे विमान त्यांस दिसावे कसे? आठ दिवसांनी शोध थांबला. ७२ दिवसांनंतर १६ जण वाचले, तेही त्यांतील दोघे सुमारे दहा दिवस डोंगर तुडवीत मनुष्यवस्तीपाशी पोहोचले म्हणून!

हाक देण्याची विद्या अवघड नाही. मिनिटात सहा वेळा शिटी वाजवावी वा विजेरी चमकवावी, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा तेच करावे, हा गिर्यारोहकांचा जुना संकेत आहे. मिनिटास तीन, हे त्याचे उत्तर. उन्हात आरशाची तिरीप कित्येक मैलांवरून दिसते. भडक रंगाचे कापड मोकळ्या जागी पसरावे. आणि निघण्यापूर्वी आपली वाट व परतीची वेळ पायथ्याच्या गावात सांगून ठेवावी. शाळा-महाविद्यालयांनी एवढे शिकविले तरी पुष्कळ झाले.

परंतु धुक्यात आरसा व कापड निरुपयोगी ठरतात, धुवाधार पावसात शिटी दूर जात नाही, आणि खोल घळीत मोबाईललाही रेंज नसते. तेथे आधार उपग्रहाचाच. समुद्रावरील मच्छीमारांसाठी इस्रोने विकसित केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. बटण दाबताच होडीचे ठिकाण उपग्रहामार्फत नियंत्रण केंद्रास कळते. डोंगरात मात्र उपग्रह-संदेशयंत्र परवान्यावाचून बाळगणारा कायद्याच्या कचाट्यात सापडतो. २००८ साली मुंबईवर हल्ला करणाऱ्या अतिरेक्यांपाशी उपग्रह-दूरध्वनी होता, हे आम्ही विसरलेलो नाही. पण केवळ सरकारी केंद्रासच आपले ठिकाण कळविणारे यंत्र कटवाल्यांच्या काय उपयोगाचे? मच्छीमाराच्या हाती जे विश्वासाने दिले, ते गिर्यारोहकास नाव नोंदवून, पायथ्याच्या गावी भाड्याने का मिळू नये?

शासनाने याचा निर्णय पुढील पावसाळ्यापूर्वी करावा. रात्री-अपरात्री दोर खांद्यावर टाकून धावणारे गावकरी आणि स्वयंसेवी गिर्यारोहक महाराष्ट्रात उणे नाहीत. त्यांचे बहुमोल तास अडकलेल्याचा ठावठिकाणा शोधण्यातच खर्ची पडावेत, हे लाजिरवाणे आहे. उणीव धैर्याची नाही. हाक वेळेवर त्यांच्या कानी पडण्याची आहे.