थोराड जात म्हणजे जास्त फायदा नव्हे

संपादक महोदय,

मांसासाठीच्या गोवंशावरील आपल्या लेखात ‘जात जितकी थोराड, तितका फायदा जास्त’ असे ठासून लिहिले आहे. ते चूक आहे. इटलीची कियानिना ही जगातली सर्वांत उंच जात, पण ती उशिरा वयात येते आणि चरबीही उशिरा धरते. स्कॉटलंडची अ‍ॅबर्डीन अँगस तिच्यापेक्षा लहान. ती कमी वयात, कमी वजनावर तयार होते. शिवाय थोराड गाय स्वतःचा देह पोसायलाच वर्षभर जास्त चारा खाते. हा खर्च लेखकाने धरलेलाच नाही.

बुटक्या जनावरांचा दोष लेखकाने ‘निकृष्ट चाऱ्या’वर टाकला आहे. अमेरिकेत १९५० च्या सुमारास प्रदर्शनांचे परीक्षक आखूड, गुटगुटीत हेरेफर्ड वळूंना पसंती देत. त्यांतल्या कित्येकांत खुजेपणाचे अप्रभावी जनुक दडलेले होते. असे दोन वाहक एकत्र आले की काही वासरे खुजी, अल्पायुषी जन्मत. दोष निवडीचा होता, चाऱ्याचा नव्हे. पुढे १९७० नंतर तिथेच उंचीची शर्यत लागली. तीही तितकीच आंधळी.

आणखी एक तोटा म्हणजे, थोराड जातीचा वळू पहिलारू कालवडीला लावला तर विताना वासरू अडण्याचा धोका वाढतो. निदान एवढी दुरुस्ती पुढील अंकात छापावी.

– एक पशुपालक वाचक