गॅस टाकून घ्या!

"गॅस कमी झाला असन भाऊ, टाकून घ्या."

गाडीचा एसी जरा मंदावला की आमच्या वऱ्हाडात पहिलं वाक्य हे असतं. दुसरं वाक्य पैशांचं. मधे काही नाही. बॉनेट उघडून पाहणं नाही, पंखा फिरतो की नाही ते बघणं नाही, की कुठे काही अडकलंय का म्हणून हात फिरवणं नाही. तापाचं कारण न शोधता सलाईन लावणारे डॉक्टर असतात ना, तसलाच प्रकार. सलाईनने पेशंटलाही बरं वाटतं, डॉक्टरलाही. ताप मात्र आपल्या मर्जीने उतरतो.

हे साध्या गाड्यांत चाललं होतं तोवर मीही गप्प होतो. खिसा कापला जातो, इतकंच. पण आता आमच्या नांदगावातसुद्धा हायब्रिड गाड्या दिसायला लागल्यात. आमच्याच घरात एक आहे, पुतण्याकडे दुसरी आहे, आणि नात्यातले आणखी दोघे-तिघे ‘काका, घ्यावी का?’ म्हणून विचारून राहिलेत. या गाड्यांत ‘गॅस टाकून घ्या’ हे वाक्य खिसा कापून थांबत नाही, ते गाडी जागेवर बसवू शकतं. म्हणून हा लेखनप्रपंच. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडी मास्तरकी होईल, ती सांभाळून घ्या.

आधी मुळाशी जाऊ. एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत असतो. आतमध्ये त्याची वाफ होते तेव्हा तो डब्यातली उष्णता शोषतो, समोरच्या कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होतो तेव्हा ती बाहेर टाकतो. शाळेतल्या पोरांनाही सुप्त उष्णता म्हणून हे शिकवलं जातं. तुमच्या घरचा फ्रीज पंधरा वर्षं चालतो, त्यात दर उन्हाळ्यात गॅस टाकायला कोणी येतं का? गाडीत रबरी होज असतात, सील असतात, खड्ड्यांचे धक्के असतात, त्यामुळे काही वर्षांत थोडा पाझरतो हे खरं. पण दरवर्षी कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती गळती शोधायची की वरून ओतत राहायचं?

आणि ओतायचा तरी किती? बॉनेटच्या आतल्या बाजूला एक छोटं स्टिकर असतं. त्यावर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ग्रॅममध्ये! म्हणजे सोनाराच्या काट्याचं काम आहे, दूधवाल्याच्या मापाचं नाही. कमी असला तरी थंडावा घटतो आणि जास्त झाला तरी घटतो. ही दुसरी गोष्ट फारच थोड्या लोकांना माहीत आहे, आणि ज्यांना माहीत असायला हवी त्यांतल्या पुष्कळांना ती माहीत करून घ्यायची नाही. नुसत्या गेजवर वजन कळत नाही. गेज दाब दाखवतो, आणि दाब बाहेरच्या तापमानाप्रमाणे बदलतो. पंचेचाळीस डिग्रीत दिसणारा आकडा आणि पंचवीस डिग्रीत दिसणारा आकडा एकच अर्थ सांगत नाही. नेमकं करायचं तर सगळा गॅस मशीनमध्ये काढून घ्यायचा, त्याचं वजन बघायचं, नळ्यांत निर्वात करायचा आणि मग स्टिकरवरच्या आकड्याइतकाच परत भरायचा. दुसरा सरळ रस्ता नाही.

आता आमचीच हकिगत. कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण मला एकट्या दुकानाशी भांडायचं नाही. आईला दर महिन्याला नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. वय अठ्ठ्याहत्तर, हृदयाचा त्रास. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आमच्या तालुक्यातूनच जातो, त्यामुळे नागपूर जवळ आलं. पण मागच्या मे महिन्यात विचित्रच सुरू झालं. समृद्धीवर गाडी शंभरच्या वर असली की आत थंडगार, आणि नागपूरच्या सिग्नलवर थांबली की झोतातून कोमट हवा. आई बोलत नाही, फक्त पदराने मान पुसत राहते. तिचं न बोलणं मला जास्त भिववतं.

आता ज्याला चार गोष्टी कळतात त्याला या लक्षणातच उत्तर दिसेल. पळताना थंड आणि थांबल्यावर गरम, म्हणजे कंडेन्सरवरून वारा जात नाही. पळताना रस्त्यावरचा वारा मिळतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर आणि मोकळ्या जाळीवर. पण शहरातल्या मोठ्या, काचेच्या वर्कशॉपमध्ये पुतण्याने गाडी नेली तर गॅस टाकून दिला. आठ दिवसांत पुन्हा तेच. मी स्वतः गेलो, लक्षण सविस्तर सांगितलं, विचारलं की आधी किती ग्रॅम निघाला? "सर, गेजवर दिसते ना." पुन्हा गॅस टाकला. पुन्हा बिल. आणि यावेळी तर एसी आधीपेक्षाही मंद!

शेवटी दुसऱ्या ठिकाणी एका शहाण्या माणसाने सगळा गॅस काढून वजन केलं. स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा जवळजवळ दीडशे ग्रॅम जास्त. मग समोरचा बंपर सैल करून त्याने कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट दाखवली. त्या फटीत गोधडीचा तुकडा घातल्यासारखा थर होता. कापूस, धूळ आणि किडे.

कापूस! वऱ्हाडात राहून हे कोणाला सुचू नये याचंच नवल वाटतं. दिवाळीनंतर दोन-तीन महिने आपल्या रस्त्यांवरून जिनिंगकडे कापसाच्या गाड्या जात असतात. रस्त्याच्या कडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. तो कापूस बाभळीला अडकतो तसा गाडीच्या जाळीला अडकणार नाही का? वर सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा आहेच. हा थर हिवाळ्यात बसतो, तेव्हा एसी कोणी लावत नाही. उन्हाळ्यात तो बोलतो. आणि आपण काय करतो, तर गॅस टाकतो.

गंमत बघा, हाच वऱ्हाडी माणूस कूलरच्या बाबतीत किती हुशार असतो. एप्रिल लागला की कूलर ओसरीत काढतो. हवा येते पण थंड नाही, म्हणजे पाणी चढत नसेल, पंप बघ. पंप ठीक आहे, मग गवत गच्च झालं असेल, बदल. हवाच येत नाही, मग पंख्याचा कंडेन्सर गेला. कारण शोधण्याची ही अगदी शास्त्रशुद्ध पद्धत आहे, आणि ती आमच्या घरातल्या बायकांनाही येते. (‘बायकांनाही’ म्हटल्याबद्दल बहीण रागावणार. रागाव. घरचा कूलर तीच दुरुस्त करते.) तोच माणूस एसीची गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये गेला की मान डोलावतो.

गाडीलाही हेच प्रश्न विचारता येतात. झोत कमी आहे की झोत जोरात पण कोमट आहे? झोतच कमी असेल तर बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असलेलं केबिन फिल्टर बघा, ते आमच्या धुळीत लवकर गच्च होतं. एका बाजूला थंड आणि दुसऱ्या बाजूला गरम असेल तर बहुधा आतली झडप किंवा गॅस. थांबल्यावरच गरम असेल तर पंखा आणि कंडेन्सर. सगळीकडे, सगळ्या वेळी गरम असेल, तर मग गॅसचा संशय घ्या आणि गळती शोधायला सांगा. कंडेन्सरला गोटा लागून खरोखर भोक पडतं, मी नाही म्हणत नाही.

आता हायब्रिड का वेगळी ते सांगतो. मुळात ‘हायब्रिड’ या एका शब्दात दोन जाती कोंबल्या आहेत. २०१५ पासून सियाझ-अर्टिगावर जी ‘स्मार्ट हायब्रिड’ची पाटी आली, तिच्यात एसीचा कंप्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावरच चालतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद झालं की कंप्रेसरही थांबतो. तिथे हवा कोमट होणं हा बिघाड नाही, ते बटण दाबून बंद करता येतं. २०२२ पासून आलेल्या ग्रँड विटारा, हायरायडर, हायक्रॉस यांच्या पक्क्या हायब्रिड प्रकारांत मात्र कंप्रेसर विजेवर चालतो, तोही शेकडो व्होल्टच्या. ही युक्ती नवीन नाही, २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्येच ती होती. त्यामुळे इंजिन बंद असतानाही एसी चालतो. म्हणून ‘हायब्रिडचा एसी कमजोरच असतो’ असं जे आपल्या घरच्या ग्रुपवर ठणकावून सांगितलं गेलं, ते चूक आहे. (इको मोड लावून ठेवला तर एसी मुद्दाम मवाळ चालतो, तेवढं बघून घ्यावं.)

या विजेच्या कंप्रेसरमध्ये तेल लागतं ते वेगळं, वीज न वाहू देणारं. साध्या गाडीच्या एसीत घालतात ते तेल त्यात थोडंसं जरी गेलं तरी विजेचं इन्सुलेशन कमजोर होतं. गाडीच्या संगणकाला ते कळलं की तो गाडी चालूच होऊ देत नाही. आणि हे तेल जातं कसं? तर त्याच ‘गॅस टाकून घ्या’ मधून! साध्या गाड्यांना लावलेली तीच नळी, तीच मशीन, काही वेळा तेल मिसळलेला डबा. दोन हजारांच्या गॅसपायी कंप्रेसर आणि नळ्या बदलायची पाळी येते.

आमच्या गावातल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, संत्री रंगाच्या जाड तारा पाहिल्या आणि म्हणाला, "मास्तर, याले मी हात नाई लावत." संत्र्याच्या जिल्ह्यात संत्री रंगाला घाबरलेला हा पहिला माणूस, पण मला त्या काचेच्या वर्कशॉपपेक्षा तो जास्त शिकलेला वाटला. त्या तारा उच्च दाबाच्या आहेत, आणि आपल्याला काय येत नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

आणखी एक. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत मोठी बॅटरी थंड राहते ती डब्यातल्या हवेवर. मागच्या सीटच्या आसपास एक जाळी असते, तिथून हवा आत ओढली जाते. आपण तिथे काय ठेवतो? लग्नाच्या पिशव्या, उशा, आंब्याची पेटी. एसी मंद आणि वर ही जाळी बंद, म्हणजे बॅटरी तापणार, संगणक तिच्याकडून काम कमी घेणार, इंजिन जास्त चालणार आणि आपण म्हणणार की कंपनीने अव्हरेज खोटं सांगितलं. म्हणजे इथे एसी नुसता आपल्या सुखासाठी नाही.

एका ब्लॉगमित्राला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, अहो दोन-अडीच हजारांसाठी एवढं काय? पैसे सोडा. सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पट जोरकस आहे. असे गॅस कमी करण्याचा २०१६ चा किगाली करार भारताने २०२१ मध्ये मान्य केला. इकडे आपण गळती न बुजवता दर उन्हाळ्यात तोच गॅस हवेत सोडतो, आणि उन्हाळा वाढला म्हणून पुन्हा भरतो.

माझं मागणं फार मोठं नाही. बिलावर दोन आकडे लिहा, गॅस किती ग्रॅम निघाला आणि किती ग्रॅम भरला. हायब्रिड असेल तर कोणतं तेल, ते तिसरं. हे छापायला कंपनीच्या मुख्य कचेरीची परवानगी लागते असं मला सांगण्यात आलं. वजन करणारं मशीन त्यांच्याकडे नाही असंही नाही. आहे, मी पाहिलं. कोपऱ्यात, प्लास्टिकचं कव्हर घालून उभं आहे.