हात काळे करा!

"सर, क्लच असेंब्लीच बदलावी लागेल. गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे लेबर आलं. अठरा हजार धरून चाला."

गाडी नऊ वर्षांची. सिग्नलला पहिला गिअर पडेना, पेडल खाली गेलं की वर येईना. चारदा पंप केलं की तेवढ्यापुरतं चालायचं. मी विचारलं, "गळतंय कुठून?" उत्तर : "सिस्टिममध्येच प्रॉब्लेम आहे सर." गाडीखाली वाकून कोणीही पाहिलं नव्हतं!

आमच्या ऑफिसात लॉग न बघता कोणी 'सगळं नव्याने लिहू' म्हणालं, तर त्याला मीटिंगमध्ये सोलून काढतील. आणि तेच आपण गॅरेजमध्ये गेलो की मुकाट्याने कार्ड काढतो. का? तर म्हणे आपल्याला त्यातलं कळत नाही. कळायला आहे काय एवढं? पेडलमागे मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी स्लेव्ह सिलिंडर, मधे नळी, आत ब्रेक ऑइल. (नावाला ऑइल. त्यात साधं इंजिन ऑइल ओतलंत तर रबरी सील फुगून वाट लागेल.) गळायच्या जागा मोजून तीन. पेडलखालची मॅट ओली असेल तर मास्टर. जोडापाशी ओल असेल तर नळी. स्लेव्हचं रबरी बूट सरकवल्यावर आतून थेंब आले तर स्लेव्ह. टॉर्च घेऊन पाच मिनिटांचं काम. माझा स्लेव्ह निघाला, तोही गिअरबॉक्सच्या बाहेर, दोन बोल्टांवर बसवलेला.

नाना पेठेतून सील किट आणलं, तीनशेच्या आत. गाडी जॅक स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, प्लीज). सिलिंडर आतून गुळगुळीत होता. चरे किंवा गंज असता तर किटचा उपयोग नव्हता, अख्खा सिलिंडर बदलावा लागला असता. मग हवा काढायचा कार्यक्रम. बाबा पेडलवर, मी खाली. "दाबा... धरून ठेवा..." निपल उघडा, बुडबुडे बाटलीत, निपल बंद, "आता सोडा." सुरुवातीला पेडल आपणहून वर येतच नाही, हाताने ओढावं लागतं. ज्यांनी चेतकचं प्लग साफ करण्यात उमेदीची वर्षं घालवली त्या बाबांनी दर दाबेला एक सूचना दिली. ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, गाडीचा रंग खातं ते.

शेजारचे काका म्हणाले, "अहो, एवढे कमावता, कशाला हात काळे करता?" तासाच्या पगाराचा हिशोब मांडणारे मित्रही भेटले. हे लोक रविवारचे चार तास मॉलमध्ये पार्किंग शोधण्यात घालवतात, ते कुठल्या खात्यात धरायचे?

सगळं घरी करा असं मी म्हणत नाहीये. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असतो. तिथे गिअरबॉक्स उतरवणं आलंच, आणि त्याचे पैसे रास्त आहेत. ब्रेकला मी स्वतः हात लावणार नाही. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची टाकी एकच असते, तेव्हा गळतीकडे काणाडोळा करणं तर शुद्ध मूर्खपणा. पण कुठे गळतंय हे विचारायला काय हरकत आहे?

2014 साली स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं. 2022 मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. हक्क मिळवून देणारे भांडतायत, आणि आपण बॉनेट उघडायची दांडी कुठे आहे हेसुद्धा बघत नाही!

असो. फाटलेलं सील ऑफिसच्या टेबलावर ठेवलंय. त्याचा फोटो त्या 'असेंब्ली'वाल्या साहेबांना पाठवला. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.