बर्फावरचा राग

आइस हॉकी म्हटलं की मला आधी स्वेटर आठवतो! पण मॉन्ट्रियल कॅनेडियन्सची गोष्ट वाचली आणि अक्षरशः फिदा झाले. टीम १९०९ची, एनएचएलपेक्षाही आठ वर्षांनी थोरली. काढली ती शहरातल्या फ्रेंच बोलणाऱ्यांसाठी. शहरात फ्रेंच बोलणारे जास्त, पण बॉसच्या खुर्चीत बहुतेक इंग्रजी बोलणारे. दिवसभर गप्प बसलेली ही मंडळी संध्याकाळी मॉरिस रिशारच्या नावाने ओरडायची. पठ्ठ्याने १९४४-४५मध्ये ५० मॅचमध्ये ५० गोल ठोकले होते!

मार्च १९५५मध्ये त्याने लाइन्समनला ठोसा मारला. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या सीझनभर घरी बसवलं. १७ मार्चला कॅम्पबेल स्वतः मॅच बघायला आले आणि दंगल पेटली. ठोसा चूकच, दंगलही चूकच. पण लोकांना त्या शिक्षेत स्वतःचा अपमान दिसला. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून त्यांना शांत केलं ते रिशारनेच.

पुढे १९५६ ते १९६० सलग पाच स्टॅनले कप. चोविसावा १९९३मध्ये आला, मग तीसहून जास्त वर्षं दुष्काळ. तरी फॅन्स हलले नाहीत. कप काय, कुणीही जिंकतं हो. आपल्या वतीने बोलणारी टीम मात्र रोज मिळत नाही.